जुन्या टीव्ही गेम शोमधलं मधलं-मधलं संगीत कुणाकडं आहे का?

रंकाळ्याचा_वारा

नमस्कार मंडळी, जरा मोठं लिहायलोय, सावकाश वाचा.

थोरल्या काकांच्या जुन्या ऑडिओ कॅसेट सध्या कॉम्प्युटरवर उतरवून घ्यायलोय. भजनं आहेत, नाट्यसंगीत आहे, आकाशवाणी कोल्हापूरवरचं बरंच काही आहे, पण काही कॅसेट अशा निघाल्या की टीव्हीच्या स्पीकरसमोर टेपरेकॉर्डर ठेवून जे चाललंय ते सरळ भरलंय. दूरदर्शनच्या बातम्यांचा तुकडा, छायागीतातली गाणी, मध्येच आजी कुणाला तरी दार लावून घे म्हणतीय, आणि एका कॅसेटवर जवळजवळ पूर्ण एक गेम शो. आमच्या भागातल्या केबलच्या लोकल चॅनेलवर नव्वदीच्या मधल्या वर्षांत लागायचा तो. फोन लावायचा, प्रश्नांची उत्तरं द्यायची, बक्षीस म्हणून कुकर नाहीतर साडी. कार्यक्रमाचं नाव टाकत नाही कारण चालवणारी माणसं इथलीच आहेत, त्यांना विचारल्याशिवाय नाव घेणं बरं दिसत नाही.

मला त्यातलं संगीत पाहिजे. शीर्षकगीत नव्हे. प्रश्न विचारून झाला की वेळ मोजताना जे वाजायचं ते, उत्तर बरोबर आलं की वाजणाऱ्या घंटा, चुकलं की खाली घसरत जाणारा तो आवाज, आणि राउंड बदलताना वाजायचं ते. एकेक तुकडा दहा-बारा सेकंदांचा असेल, पण दर आठवड्याला ऐकलेला. परवा कॅसेट लावली तर भाऊ आतल्या खोलीतनं बाहेर आला आणि पुढचा सूर यायच्या आधी त्यानं तो गुणगुणला, एवढं ते डोक्यात बसलंय. आणि हे कुणी केलं, कुणी वाजवलं, कुठंच नाव नाही. गाणं ओळखणाऱ्या शाझॅम अ‍ॅपला ऐकवलं, काही सापडत नाही. यूट्यूबवर मराठी हिंदीत शोधलं तर मालिकांची शीर्षकगीतं ढीगभर मिळतात, गेम शोच्या मधलं संगीत म्हणून कुणी काही ठेवलेलंच नाही.

तर विचारायचंय ते असं, की त्या काळातल्या गेम शोचं, लोकल केबल असो, सह्याद्रीवरचं 'ताक धिना धिन' असो नाहीतर झी टीव्हीचं 'सांप सीढी' असो, असं मधलं संगीत कुणाकडं रेकॉर्ड आहे का? ते बनायचं कसं हे कुणाला माहिती आहे का? आणि बोलण्याच्या खालनं ते बाहेर कसं काढायचं?

बिंदू_चौक_४१६

केबीसीचं सगळं मिळतं की भावा नेटवर, एकूण एक तुकडा. टाइमर, लॉक किया जाए, लाइफलाइन, सगळं वेगवेगळं. मग बाकीच्यांचं का मिळत नाही हा प्रश्न मलाही पडलाय.

स्वरदा_माहेर_कोल्हापूर

मी पुण्यात साउंडचं काम करते, माहेर शाहूपुरी, त्यामुळे हा विषय बघून राहवलंच नाही.

केबीसीचं मिळतं कारण ते संगीत मुळात इथं बनलेलंच नाही. ब्रिटनमध्ये 'हू वॉन्ट्स टू बी अ मिलियनेअर' ४ सप्टेंबर १९९८ ला सुरू झालं, त्याचं संगीत कीथ स्ट्रॅचन आणि मॅथ्यू स्ट्रॅचन या बापलेकांनी केलं. पुढे तो खेळ देशोदेशी विकला गेला तेव्हा सेट, लाइट, संगीत सगळं एकत्र गेलं. आपल्याकडे ३ जुलै २००० ला स्टार प्लसवर अमिताभ बच्चननी सुरू केला तेव्हाही तेच संगीत. आणि ते किती विचार करून केलंय बघा, प्रश्न वरवर जातात तसं मागचं वातावरण अर्ध्या अर्ध्या सुरानं वर चढवत नेतात, ऐकणाऱ्याला कळतही नाही की आपली छाती का धडधडायला लागलीय. त्याचा अल्बमसुद्धा निघाला होता. 'कमजोर कडी कौन'चंही तसंच, मूळ बीबीसीचं 'वीकेस्ट लिंक', संगीत पॉल फॅरर यांचं. जिथं संगीत हा मालाचा भाग होता, ज्याचे पैसे मोजले जात होते, तिथं ते कुणीतरी जपलं. आपल्याकडे घरच्या घरी बनलेल्या कार्यक्रमात ते कुणी वस्तू म्हणून धरलंच नाही, म्हणून गेलं. जुनं झालं म्हणून गेलेलं नाही हे.

बाहेरसुद्धा सगळं टिकलंय असं नाही हं. अमेरिकेत 'जेपर्डी' १९६४ ते १९७५ एनबीसीवर चालला, त्याच्या बहुतेक टेप पुसून परत वापरल्या, कारण दोन इंची व्हिडिओ टेप फार महाग होती. पण त्यातली विचार करायच्या वेळेची तीस सेकंदांची धून राहिली, कारण ती मर्व्ह ग्रिफिननं स्वतः केली होती, आधी आपल्या मुलासाठी अंगाई म्हणून केलेली, आणि ती पुढच्या आवृत्तीतही वापरली. तिथं एपिसोड गेले आणि धून राहिली.

आणि अजून एक गोष्ट आधी तपासा, ती म्हणजे लायब्ररी म्युझिक. केपीएम, डी वुल्फ अशा कंपन्या रेकॉर्ड काढायच्या ज्या दुकानात विकायला नसायच्या, फक्त टीव्ही-रेडिओवाल्यांना मिळायच्या, वापरलं की पैसे भरायचे. ब्रिटिश 'मास्टरमाइंड'चं ते भीतीदायक संगीत, 'अ‍ॅप्रोचिंग मेनेस', नील रिचर्डसन यांचं, ते अशाच लायब्ररीतलं. अ‍ॅलन हॉकशॉ यांचा 'चिकन मॅन' नावाचा एकच तुकडा तर 'ग्रेंज हिल' या शाळेच्या मालिकेलाही होता आणि 'गिव्ह अस अ क्लू' या गेम शोलाही, दोन वेगळ्या चॅनेलवर एकाच काळात! तेव्हा तुमचा तुकडा इथं कुणी वाजवलेला आहे की कुठल्या रेकॉर्डवरनं उचललेला, हे आधी ठरायला पाहिजे. थोडी क्लिप टाका ना.

केबलवाला_जुना

मी त्या काळात लोकल केबलला एडिटिंग करत होतो, तुमच्या भागात नव्हे, दुसरीकडं. कसं चालायचं ते सांगतो म्हणजे संगीत का मिळत नाही ते कळेल.

२ ऑक्टोबर १९९२ ला झी टीव्ही सुरू झाला आणि त्याच्या आगेमागे गल्लोगल्ली केबल आली. मग प्रत्येक ऑपरेटरला आपलं एक चॅनेल पाहिजे झालं. दुपारी सिनेमा, रात्री गल्लीतल्या गणपतीचं शूटिंग, आणि आठवड्यातनं एकदा खेळ. आमच्याकडं दोन व्हीसीआर, एक व्हिडिओ मिक्सर, एक छोटा ऑडिओ मिक्सर आणि एक कॅसेट डेक. संगीत शूटिंगच्या वेळीच वाजवायचं. एक पोरगा डेकवर बसायचा, निवेदकानं मान हलवली की तो प्ले दाबणार. म्हणजे निवेदकाचा आवाज, फोनवरचा आवाज, टाळ्या आणि संगीत सगळं एकदमच एका ट्रॅकवर जायचं. संगीताचा वेगळा ट्रॅक असा प्रकारच नव्हता. आणि कार्यक्रम लागून गेला की पुढच्या आठवड्यात त्याच व्हीएचएसवर नवीन रेकॉर्ड व्हायचं. ज्या कॅसेटवरनं संगीत वाजायचं ती मात्र एकच असायची, सारखी मागं-पुढं करून घासून संपायची, मग तिचीच कॉपी काढायची, मग कॉपीची कॉपी.

संगीत यायचं कुठनं तर तीन ठिकाणांहून. साउंड इफेक्टच्या तयार कॅसेट मिळायच्या. इंग्रजी सिनेमातलं उचललेलं असायचं. नाहीतर ऑर्केस्ट्रातल्या कीबोर्डवाल्याला एक दिवस बोलवायचं, त्यानं बसल्या बैठकीला पंधरा-वीस तुकडे वाजवून द्यायचे. पैसे एकदाच हातावर. शेवटच्या नावांच्या पाटीवर नाव नाही, कुठं लिहिलेलं नाही. मोठ्या चॅनेलला निदान क्यू शीट नावाचा कागद भरतात, कुठला तुकडा कुणाचा आणि किती सेकंद वाजला त्याचा, त्यावरनं संगीतकाराला रॉयल्टी मिळते. आमच्यात तो शब्दच कुणाला माहिती नव्हता.

त्या कीबोर्डवाल्यांबद्दल मला आजही वाटतं. दिवसभर बसून त्यांनी जे केलं ते अख्ख्या पेठेनं वर्षानुवर्षं ऐकलं.

रंकाळ्याचा_वारा

केबलवाले दादा, हे सगळं पहिल्यांदा कळतंय, लई धन्यवाद. स्वरदाताई, क्लिप टाकलीय. पहिला तुकडा टाइमरचा, निवेदक मध्ये मध्ये बोलतोय. दुसरा बरोबर उत्तराचा, तिसरा चुकल्याचा, चौथा राउंड बदलतानाचा, तो सगळ्यात स्वच्छ आहे कारण तेव्हा कुणी बोलत नाही.

ऑक्टोपॅड_अण्णा

हेडफोन लावून परत परत ऐकली. रेकॉर्डवरचं नाही हे. हे इथंच वाजवलंय.

टाइमर ऐक नीट. खाली जे खुळखुळतं, ठोके आणि फुंकरीसारखे आवाज एकत्र फिरत राहतात, तो रोलँड डी-५० चा 'डिजिटल नेटिव्ह डान्स' आहे. १९८७ चा कीबोर्ड. त्या आवाजाची खासियत म्हणजे एक की दाबून धरली की आतच सगळं नाचायला लागतं, वाजवणाऱ्यानं दुसरं काही करायला नको, म्हणून टाइमरला एकदम फिट. त्यावर जो टक टक टक पडतो तो ऑक्टोपॅड, म्हणजे काठीनं वाजवायचं इलेक्ट्रॉनिक तालवाद्य, आणि मशीननं नव्हे, हातानं वाजवलाय, कारण शेवटच्या चार ठोक्यांत माणूस थोडा पुढं पळालाय. वेळ संपत आली की हात आपोआप पळतो. मी आयुष्यभर हेच वाजवलंय, मला ते लगेच ऐकू येतं.

बरोबर उत्तराच्या घंटा यामाहा डीएक्स-७ कीबोर्डच्या ट्यूब बेल्स. चुकल्यावर घसरतो तो ब्रासचा आवाज धरून पिच बेंड, म्हणजे सूर वर-खाली सरकवायचा दांडा, खाली ओढलाय, साधं काम आहे पण कुठं सोडायचं ते जमावं लागतं, यानं बरोबर जमवलंय. राउंड बदलताना मागं जो मोठा पसरट गाण्यासारखा आवाज येतो तो कॉर्ग एम-१ कीबोर्डचा 'युनिव्हर्स' वाटतो, पण त्याबद्दल पैजेवर सांगणार नाही, कॅसेटवर त्याचे वरचे सूर गेलेत.

तेव्हा शाझॅमला काय सापडणार? त्याच्याकडं बाजारात निघालेल्या गाण्यांचे ठसे असतात. हे कधी बाजारात आलंच नाही.

आणि अजून एक सांगतो. त्या काळात कोल्हापुरात डी-५० आणि डीएक्स-७ दोन्ही हाताशी असलेले वाजवणारे बोटावर मोजण्याइतके. तो पिच बेंड सोडायची पद्धत माझ्या ओळखीची आहे. त्यांना फोन करतो. नाव त्यांनी सांगितलं तरच इथं टाकीन.

रंकाळ्याचा_वारा

अण्णा, अंगावर काटा आला वाचून. नक्की करा फोन.

तोवर स्वरदाताई एक सांगा. माझी कॅसेट बरोबर वेगानं वाजतीय हे कसं ओळखायचं? काका टेपरेकॉर्डर सेलवर चालवायचे आणि सेल उतरत आला की काय व्हायचं ते सगळ्यांना माहिती आहे. सूर खरे कुठले तेच कळेना. एका ठिकाणी वाचलं की मागची विजेची घरघर ५० हर्ट्झची असते, ती मोजून वेग जुळवायचा.

स्वरदा_माहेर_कोल्हापूर

ती युक्ती युरोपातल्या लोकांनी सांगितलेली असते, तिथं ती चालते. आपल्याकडे नव्वदीत ग्रीडची फ्रिक्वेन्सी ५० वर टिकायचीच नाही, कधी ४८ च्या जवळ उतरायची, कधी ५१ च्या वर जायची. ४८ ला ५० समजून वेग जुळवला तर सूर जवळपास पाऊण पट्टी चुकतो. २००२ नंतर विजेच्या दराची पद्धत बदलली तेव्हा ते सुधारायला लागलं. म्हणून घरघरीवर विसंबू नका.

दुसरा मोह म्हणजे त्याच कॅसेटवरचं छायागीतातलं गाणं घ्यायचं आणि मूळ रेकॉर्डशी जुळवायचं. तेही नको. सिनेमा सेकंदाला २४ फ्रेमनं चित्रित होतो आणि आपली टीव्हीची पाल पद्धत २५ फ्रेमची, त्यामुळे टीव्हीवर सिनेमा साधारण चार टक्के वेगानं चालायचा आणि गाणं चढ्या सुरात यायचं. लहानपणी टीव्हीवरच्या गाण्याबरोबर पेटी जुळायची नाही त्याचं एक कारण हेसुद्धा.

मग काय घ्यायचं? त्याच बाजूला, त्याच सुमारास भरलेला असा आवाज ज्याचा सूर ठाऊक आहे आणि जो फिल्मवरनं आलेला नाही. तुमच्याकडे दूरदर्शनच्या बातम्यांचा तुकडा आहे म्हणालात, त्याच्या आधी ती दूरदर्शनची धून आहे का बघा, पंडित रविशंकर आणि उस्ताद अली अहमद हुसेन खाँ यांची. तिची स्वच्छ प्रत सहज मिळते, तिच्याशी ताडून बघा. चांगल्या डेकवर थेट वायर लावून केलेलं रेकॉर्डिंग असेल तर टीव्हीची ती बारीक शिट्टी १५,६२५ हर्ट्झवर दिसते, ती सगळ्यात पक्की खूण, पण टेपरेकॉर्डरच्या आतल्या माइकनं भरलेल्या कॅसेटवर ती मिळायची आशा नाही.

आता उतरवून घेण्याबद्दल. आधी डेकचं हेड आणि रबरी रोलर आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसा. मग अ‍ॅझिमथचा, म्हणजे हेडचा तिरकेपणा जुळवायचा, स्क्रू त्या त्या कॅसेटसाठी फिरवून बघा, वरचे सूर जास्तीत जास्त उघडतील तिथं थांबा. अण्णांना 'युनिव्हर्स' नीट ऐकू येत नाही ना, त्यातलं थोडं इथंच परत मिळेल. २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ किंवा वरचं, वेव्ह फाइल, एमपी३ नको. आणि त्या मूळ फाइलवर नॉइज रिडक्शन अजिबात लावू नका. जे काही साफ करायचं ते कॉपीवर. आज आपल्याला खरखर वाटते त्यातनं उद्याचं सॉफ्टवेअर सूर काढेल, पण आपण पुसून टाकलेलं कुणालाच काढता येणार नाही.

बोलण्याखालचं संगीत वेगळं करायला डेमक्ससारखी सॉफ्टवेअर आहेत, आवाज आणि वाद्यं बऱ्यापैकी सुटतात, पण जिथं निवेदक जोरात बोलतो तिथं खाली भोक पडल्यासारखं होतं. त्यावर खरा उपाय म्हणजे अजून एपिसोड. टाइमरचा तुकडा दर वेळी कॅसेटवरनं तोच वाजायचा, आणि निवेदक दर वेळी वेगळ्या ठिकाणी बोलायचा. तीन-चार वेगळ्या रेकॉर्डिंगमधले मोकळे भाग एकाखाली एक लावले की अख्खा तुकडा कुणी न बोलता मिळू शकतो. आमच्या धंद्यात मी हे केलंय, चालतं. त्यामुळे इथं ज्याच्या ज्याच्या घरी अर्धवट का होईना काही आहे त्यानं सांगा, एका माणसाच्या कॅसेटनं हे होणार नाही.

दुधाळीकर

आमच्याकडं व्हीएचएस आहेत. त्या कार्यक्रमात आईनं एकदा बक्षीस जिंकलं होतं म्हणून बाबांनी दोन-तीन भाग रेकॉर्ड करून ठेवलेले. पण २०१९ च्या पुरात खालच्या खोलीत पाणी आलं, कॅसेट भिजल्या, चिखल आत गेला. वाळवून ठेवल्यात, लावून बघायचं धाडस होत नाही. आणि आत्ता आठवलं की बाबा शेवटच्या पाट्या सुरू झाल्या की लगेच रेकॉर्डिंग थांबवायचे, टेप वाचावी म्हणून.

केबलवाला_जुना

सगळेच थांबवायचे दादा. आणि नेमकं पाट्यांवरच संगीत मोकळं, पूर्ण वाजायचं, आणि नाव असलंच तर तिथंच असायचं. दोन्ही एकदम गेलं.

स्वरदा_माहेर_कोल्हापूर

दुधाळीकर, कृपा करून व्हीसीआरमध्ये घालू नका. आत सुकलेला चिखल हेडलाही खाईल आणि टेपलाही. व्हीएचएसवर साधा आवाज टेपच्या अगदी कडेला एक मिलिमीटरच्या पट्टीत असतो, आणि घाण, बुरशी, चुरगळणं सगळं कडेपासून सुरू होतं, म्हणजे चित्र वाचलं तरी आवाज आधी जातो. हेअर ड्रायर नको, ऊन नको. कोरड्या जागी उभ्या ठेवा. कवच उघडून, टेप नवीन कवचात घालून, हळू साफ करून देणारी माणसं आहेत, मी ज्यांच्याकडे पाठवते त्यांचा पत्ता खासगीत देते. फार वर्षं वाट बघू नका एवढंच, फुनाई कंपनीनं जुलै २०१६ मध्ये व्हीसीआर बनवणं बंद केलं, त्यानंतर नवीन मशीन नाही, आहेत ती दुरुस्त करत चालवायची.

आईंनी बक्षीस जिंकलेला भाग म्हणजे तर टेप वाचवायलाच पाहिजे, संगीत असो नसो.

बिंदू_चौक_४१६

एक शंका. हे सगळं जमलं तर यूट्यूबवर टाकायला चालतं का? का कॉपीराइटचं काही?

स्वरदा_माहेर_कोल्हापूर

आपल्याकडे ध्वनिमुद्रणावर प्रसिद्ध झाल्याच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं हक्क असतो, १९५७ च्या कायद्यानं. म्हणजे नव्वदीतलं काहीच अजून मोकळं नाही. कार्यक्रम काढणाऱ्यांना आणि वाजवणाऱ्याला विचारून टाका. वाजवणारे सापडले तर त्यांचं नाव पहिल्या ओळीत, आणि तुकडे जोडून केलेलं असेल तर तसं स्पष्ट लिहा, म्हणजे पुढच्या माणसाची फसगत होणार नाही.

ऑक्टोपॅड_अण्णा

फोन झाला. तेच निघाले.

क्लिप पाठवली होती, ऐकून बराच वेळ बोललेच नाहीत. मग म्हणाले हे कुणाकडं राहिलं? त्यांच्याकडं काहीच नाही. एका दुपारी राजारामपुरीत एका मित्राच्या घरी बसून सगळे तुकडे केले होते, कॅसेट भरून दिली, कॉपी ठेवली नाही. टाइमरला ऑक्टोपॅड दुसऱ्या कुणाचा नाही, त्यांचाच, डाव्या हातानं की धरून उजव्या हातानं काठी. म्हणून शेवटी पळालाय तो!

डी-५० अजून घरात आहे पण मुका. त्यात आवाज आतल्या एका बटण-सेलवर टिकून असतात, तो सेल संपला की सगळी मेमरी कोरी होते. कंपनीचे मूळ आवाज मिडीनं, म्हणजे कॉम्प्युटरला वायर जोडून, परत भरता येतात, सेल बदलून मी ते करून देणार आहे, त्यात अवघड काही नाही. पण टाइमरचा आवाज त्यांनी स्वतः थोडा बदलून घेतला होता, फुंकर कमी करून ठोका वाढवलेला, तो मेमरीबरोबर गेला. तो आता फक्त तुझ्या कॅसेटवर आहे. ते म्हणाले कॅसेट ऐकत ऐकत परत बसवून बघीन.

एक गोष्ट त्यांना पक्की आठवते, टाइमर काळी दोनमध्ये होता. निवेदकाचा आवाज त्या पट्टीत खुलायचा म्हणून मुद्दाम ठेवला होता.

रंकाळ्याचा_वारा

अण्णा!! काळी दोन! माझ्या कॅसेटवर तो काळी दोन आणि पांढरी तीनच्या बरोबर मध्ये येतोय, मी दोन दिवस डोकं धरून बसलो होतो की हे कुठल्या पट्टीत वाजवलंय म्हणून. आणि त्याच बाजूला बातम्यांच्या आधीची दूरदर्शनची धून सापडली, ती स्वच्छ प्रतीशी ताडून बघितली तर तीसुद्धा तेवढीच चढी, साधारण तीन टक्के. म्हणजे सेल उतरत आलेला होता, टेप हळू भरली आणि आता जलद वाजतीय. तीन टक्के खाली घेतलं की दोन्ही जागच्या जागी बसतात.

कवच उघडायच्या कामाला दुधाळीकरांच्या कॅसेट मी स्वतः पुण्याला घेऊन जातो, स्वरदाताई पत्ता पाठवा. अण्णा, त्यांना विचारा की नाव टाकू का, आणि टाकलं तर कसं लिहिलेलं आवडेल. आणि ज्यांच्या घरी त्या कार्यक्रमाचं काहीही आहे, अगदी फोन लागला नाही म्हणून निवेदक थांबलाय एवढं जरी असलं, तरी मला कळवा, विशेषतः टाइमरच्या सातव्या-आठव्या सेकंदाला कुणी बोलत नाही असा भाग पाहिजे, तेवढीच जागा आता राहिलीय.

लक्ष्मीपुरी_रेडिओ

सगळं वाचत होतो, आता लिहितो. आमच्या बाबांचं टीव्ही-टेपरेकॉर्डर दुरुस्तीचं दुकान होतं, लोक बिघडलेल्या मशीनमध्ये कॅसेट तशीच सोडून जायचे आणि परत न्यायला यायचे नाहीत. असा एक ट्रंक माळ्यावर आहे, वरच्या मजल्यावर असल्यानं पाणी लागलेलं नाही. त्यातल्या दोनवर पेननं 'केबल खेळ' लिहिलंय. रविवारी सकाळी या, डेक माझ्याकडं आहे, हेड पुसून ठेवतो.